मांडणीवरच्या ऑर्किडना दिवे: जून ते फेब्रुवारीच्या नोंदी

9 जून 2024, रविवार

जागा ठरली. हॉलची दक्षिणेची खिडकी, तिला लागून चार फुटी लोखंडी मांडणी. दक्षिणेची खिडकी म्हटलं की ऐकणारा विचारतोच, मग दिवे कशाला? पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कलून जातो, त्यामुळे या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत ऊन पडतच नाही. त्यात वर दोन फुटांचा छज्जा, समोर पलीकडची विंग, आणि आता ढग. डिसेंबरात इथेच मांडणीवर ऊन पसरतं. तेव्हा प्रश्न ‘उजेड कमी आहे’ एवढाच नाही. कुठल्या महिन्यात किती कमी, हे आधी कळायला हवं, मग दिवा निवडायचा.

झाडं: फॅलेनॉप्सिस (थोडक्यात फॅल) सहा, डेंड्रोबियम दोन, कॅटलियाचा एक संकर, एक व्हँडा, एक लुडिशिया. सगळी रोपवाटिकेतली. फॅलची पानं गर्द हिरवी आणि लोळलेली आहेत. बघणाऱ्याला झाड ‘तजेलदार’ वाटतं, पण ऑर्किडवाला असं पान बघून कपाळाला हात लावतो. उजेड कमी पडला की पान हरितद्रव्य वाढवून, लांब-रुंद होऊन मिळेल तेवढा उजेड गोळा करत बसतं. नीट उजेडातलं फॅलचं पान गवती हिरवं आणि ताठ असतं.

16 जून

लक्समीटर आणला, म्हणजे उजेड लक्समध्ये मोजायचं यंत्र. फोनमधल्या ॲपवर भागवता येईल असं वाटत होतं, म्हणून एकाच जागी दोन्ही धरून बघितले. फोन मीटरपेक्षा बराच कमी दाखवतो, आणि जरा तिरका झाला की आकडा पार बदलतो. ‘इथे जास्त की तिथे’ एवढ्यापुरता फोन चालेल. दिवा किती वॅटचा घ्यायचा हे ठरवायला नाही.

मीटरची पांढरी गोल टोपी पानाच्या पातळीवर, तोंड वर करून ठेवायची. खिडकीकडे तोंड करून धरली तर मोठा आकडा येतो आणि मन खूश होतं. पण पान आडवं असतं.

दुपारी बाराला, ढगाळ हवेत, मांडणीच्या मधल्या फळीवर 1,150 लक्स. डासांची जाळी सरकवली तर 1,600. म्हणजे जाळीच जवळजवळ तीस टक्के उजेड खाते. आईचं म्हणणं, जाळी उघडी ठेवायची नाही, डेंग्यूचे दिवस आहेत. ते बरोबरच आहे. जाळी राहील, तिची धूळ मात्र ओल्या फडक्याने पुसून घेतली.

खिडकीपासून तीन फूट आत, सोफ्याच्या बाजूला: 240. माणसाला तिथे बसून आरामात पेपर वाचता येतो. आपला डोळा या कामात बिलकूल भरवशाचा नाही. बाहेरच्या लख्ख उन्हात लाखभर लक्स असतात आणि खोलीत दोन-तीनशे, तरी डोळा दोन्हीकडे ‘चांगला उजेड आहे’ असंच सांगतो.

22 जून, शनिवार

बहुतेक ठिकाणी फॅलसाठी 10 ते 15 हजार लक्स असा आकडा दिलेला असतो. जुन्या पुस्तकांत 1,000 ते 1,500 फूट-कँडल. एक फूट-कँडल म्हणजे पावणेअकरा लक्स, तेव्हा हिशेब एकच. दिव्याखाली तेवढे आणायचे तर घरात वेल्डिंग चालल्यासारखा झगमगाट होईल. पण हा आकडा जाळीखालच्या हरितगृहातला, भर दुपारचा आहे. तिथे सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला एवढा उजेड थोडाच असतो? ऊन चढतं आणि उतरतं. दिवा मात्र लावल्यापासून बंद करेपर्यंत एकसारखा जळतो. म्हणून तुलना दुपारच्या आकड्याशी न करता दिवसभराच्या बेरजेशी करायची. झाडाला मतलब दिवसभरात एकूण किती प्रकाशकण पानावर पडले याच्याशी. ही बेरीज दर चौरस मीटरला रोज इतके मोल अशी मोजतात. फॅलसाठी दिवसाला 5 मोल धरून चालते. 4 ते 8 मध्ये ते सुखात असतं.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप, त्यामुळे मोलमध्ये आणायला गुणोत्तर लागतं. उन्हाच्या 54 लक्समागे सेकंदाला साधारण एक मायक्रोमोल (मोलचा दहा लाखावा भाग) येतो, नेहमीच्या पांढऱ्या एलईडीच्या 70 लक्समागे एक. यावरून घरगुती कोष्टक असं: लक्सला तासांनी गुणायचं, आकाशाच्या उजेडाला 15,000 ने भागायचं, एलईडीच्या उजेडाला साडेएकोणीस हजारांनी. उत्तर मोलमध्ये.

आता आपली खिडकी. पावसाळ्यात दहा तास सरासरी 1,200 लक्स म्हणजे 12,000, भागिले 15,000, म्हणजे 0.8 मोल. हवेत 5. उरलेले सव्वाचार दिव्याने द्यायचे. बारा तास दिवा लावला तर पानावर 7,000 लक्स पुरतात. 10 हजारांची भीती गेली.

बारा तासांच्या वर जायचं नाही हेही ठरवलं. फॅल आणि कॅटलिया रात्री पानांची रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात आणि दिवसा रंध्रं मिटून तो वापरतात. निवडुंगाची आणि अननसाची तीच रीत. त्यांना रात्र म्हणजे अर्धं काम. शिवाय कॅटलियाच्या काही जाती दिवस लहान झाल्याशिवाय कळ्या धरत नाहीत. चोवीस तास दिवा लावून दुप्पट वाढ मिळवण्याचे सल्ले कानाआड करायचे.

30 जून

जांभळा दिवा आला. एका ओळखीच्यांनी वापरून बघायला दिलेला, चिमट्याने अडकवायचा, लवचीक मानेचा. खोक्यावर 45 वॅट. प्लगला वीजमापक लावून बघितलं: 9 वॅट. ते 45 कशाचे ते खोक्यालाच ठाऊक.

जांभळ्यामागचा तर्क असा की हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, हिरवा परतवतं, मग हिरवा द्यायचाच कशाला. ऐकायला चोख. पण अख्खं पान म्हणजे परीक्षानळीतलं हरितद्रव्य नव्हे. 1972 मध्ये मॅक्री यांनी बावीस पिकांच्या पानांवर एकेका रंगाचा प्रकाश टाकून प्रकाशसंश्लेषण मोजलं. हिरव्या प्रकाशावरही पानं चांगलंच काम करतात, लालपेक्षा कमी पण टाकाऊ मुळीच नाही, असं त्यातून दिसलं. फॅलचं पान तर जाडजूड. त्याच्या आतल्या थरांपर्यंत हिरवा प्रकाशच जास्त पोचतो. आणि पांढऱ्या एलईडीत लाल-निळा असतोच. आतली चिप निळी, तिच्यावरचा पिवळा लेप त्या निळ्यातला बराचसा भाग हिरव्या-पिवळ्या-लालमध्ये बदलतो, काही निळा तसाच बाहेर पडतो.

जांभळ्याखाली लक्समीटर निरुपयोगी, कारण तो डोळ्यासारखाच हिरव्याला झुकतं माप देतो आणि लाल-निळ्याला कमी मोजतो. माझा सगळा हिशेब लक्समीटरवर उभा आहे, तेवढं एक कारणसुद्धा पुरे होतं. दुसरं जास्त रोकडं. जांभळ्या उजेडात पान काळपट दिसतं, बुडाशी बसलेला पिठ्या ढेकूण दिसत नाही, पिवळेपणा कळत नाही. झाड रोज न्याहाळता येत नसेल तर घरात ठेवून काय उपयोग?

तिसरं कारण आईने संध्याकाळी दिलं. “अगं, बंद कर ते. समोरच्यांना वाटेल आपण हॉलमध्ये डान्सबार काढलाय.”

दिवा ज्याचा त्याला परत.

6 जुलै, शनिवार

तापकीर गल्ली, पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार. पावसात तिथे गाडी लावायचा नादच करायचा नाही, मंडईपाशी लावून चालत गेले.

जाण्याआधीचा हिशेब: फळी 1.2 मीटर लांब, 0.4 रुंद, म्हणजे 0.48 चौरस मीटर. ल्युमेन हे एकूण उजेडाचं माप, चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. त्यावर 7,000 लक्स म्हणजे 3,360 ल्युमेन प्रत्यक्ष पानांवर पडायला हवेत. उघड्या पट्टीचा बराच उजेड इकडेतिकडे सांडतो, साठ टक्के कामी येतो असं धरलं. म्हणजे दिव्यातून 5,600 निघायला हवेत. साधी एलईडी पट्टी वॅटला शंभर ल्युमेन देते. 20 वॅटच्या तीन.

“दादा, 20 वॅटची चार फुटी पट्टी दाखवा.”

“कुठे लावायचीय ताई? किचनला?”

“झाडांना.”

“मग ग्रो लाइट न्या ना, जांभळी. हल्ली सगळे तीच नेतात.”

“नको, पांढरीच. ल्युमेन बघू जरा खोक्यावर.”

त्याने खोकं फिरवून अंगठा ठेवला. 2,000. शेजारच्या स्वस्त मालावर वॅट छापलेले, ल्युमेनचा पत्ता नाही. ज्या खोक्यावर ल्युमेन नाहीत ते घ्यायचं नाही, मग पन्नास रुपये वाचोत की शंभर.

“4,000 केल्व्हिनमध्ये आहे?”

“नॅचरल व्हाइट म्हणा की! आहे, पण मागच्या गोडाऊनला. लोकांना पांढरीफेक लागते.”

केल्व्हिन हे दिव्याच्या रंगछटेचं माप, आकडा मोठा तसा उजेड निळसर. पांढरीफेक म्हणजे 6,500. झाडाच्या दृष्टीने दोन्ही चालतात. 6,500 मध्ये निळा थोडा जास्त, 3,000 मध्ये लाल जास्त, आणि एवढ्याने फॅलचं काही अडत नाही. 4,000 घेतली ती आमच्या डोळ्यांसाठी, कारण हॉलमध्ये बारा तास त्या उजेडात बसणार आम्हीच. दुकानातच एकेक लावून फोनचा कॅमेरा धरला. एकीच्या पडद्यावर काळे पट्टे धावत होते, म्हणजे आतलं सर्किट लुकलुकतंय. झाडाला फरक नाही, डोकं मात्र दुखतं. ती बदलून घेतली.

तीन पट्ट्या, पिन टॉप, वायर आणि दातेरी चकतीचा टायमर मिळून हजार-बाराशेत काम झालं.

14 जुलै

बसवल्या. वरच्या फळीच्या खालच्या अंगाला तिन्ही पट्ट्या समांतर, दोहोंमध्ये चार-साडेचार इंच. फॅलच्या पानापासून पट्टीपर्यंत साधारण एक फूट.

मोजमाप, रात्री खिडकीचा पडदा ओढून, म्हणजे फक्त दिव्यांचं: फळीच्या मध्यावर 8,900. पुढच्या-मागच्या कडेला 6,200. दोन्ही टोकांना 4,100. टोकं पडणार हे माहीत होतं, कारण मधल्या जागेला दोन्ही बाजूंनी उजेड मिळतो, टोकाला एकाच. स्टेशनरीच्या दुकानातून पांढरा सनबोर्ड (फोमचा हलका पुठ्ठा) आणून दोन्ही टोकांना आणि मागे उभा केला. टोकं 5,000 वर गेली. फुकटात वीस टक्के. चांदीचा कागद लावायचा मोह होतो, पण तो चुरगळतो आणि उजेड ठिपक्याठिपक्याने फेकतो. मंद पांढरा रंग सगळीकडे सारखा परतवतो.

मग झाडांची जागा उजेडाप्रमाणे. डेंड्रोबियम आणि कॅटलिया मध्यावर, त्यांच्या कुंड्यांखाली विटेचे तुकडे देऊन पट्टीच्या जवळ आणल्या. तिथे मीटर 11 हजारांवर जातो. फॅल त्यांच्या दोन्ही बाजूंना. लुडिशिया अगदी टोकाला. ती जंगलाच्या जमिनीवर, सावलीत वाढणारी, तिला तेवढा उजेडही चैनच.

व्हँडाचं काय? तिला दुपारी 30 हजार लक्सच्या पुढे हवेत, मुळं उघडी हवीत आणि दमट वारा हवा. घरात हे सगळं जमवायचं तर दिवा, पंखा, फवारा असा संसार मांडावा लागेल. एका झाडासाठी तो मांडायची माझी तयारी नाही. पुढच्या आठवड्यात चिपळूणला मावशीकडे जाईल. तिच्या परसात आंब्याच्या फांदीला बांधली की तिचं तिने बघावं. कुठल्या झाडाला दिवा द्यायचा नाही हेही दिवा निवडतानाच ठरवायला हवं.

वायरिंग करायला इलेक्ट्रिशियनला बोलावलं. एक्स्टेन्शन बोर्ड मांडणीच्या वरच्या टोकाला, कुंड्यांच्या पाण्याच्या वर. प्रत्येक वायरीला प्लगच्या अलीकडे खाली झोल दिला, म्हणजे ओघळ आलाच तर झोलाच्या तळाशी ठिबकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. घराच्या मुख्य बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे की नाही ते बघून घेतलं. आहे.

15 जुलै

आजपासून सहा तास. एकदम बारा नाही. सावलीत वाढलेल्या पानाला अचानक भरपूर उजेड दिला की ते होरपळतं, आणि फॅलच्या पानावरचा डाग पान गळेपर्यंत जात नाही. दर चार दिवसांनी एक तास वाढवायचा.

28 जुलै

आठवडाभर पावसाने झोडपलं. गुरुवारी खडकवासल्याचं पाणी सिंहगड रोडला एकतानगरीत शिरलं. आमच्याकडे फक्त वीज ये-जा करत होती. भर दुपारी खिडकीत 600 लक्स, दिव्यांखाली 8,000. अशा दिवसांत ‘पूरक’ कसले, तेच मुख्य.

एक बदल आत्ताच कळतोय, तो पाण्याचा. गेल्या पावसाळ्यात नारळाच्या सोडणांचे तुकडे आणि कोळसा घातलेल्या कुंड्या दहा-दहा दिवस ओल्या राहायच्या. शेंडा कुजून फॅल जातात ती याच दिवसांत, आणि दोष पाण्याला दिला जातो. खरं म्हणजे उजेड नसतो, म्हणून झाड पाणी उचलत नाही. आता त्याच कुंड्या पाचव्या-सहाव्या दिवशी हलक्या होतात. पारदर्शक कुंडीतून मुळं चंदेरी झालेली दिसली की पाणी, हिरवी असतील तर नाही. वेळापत्रकाने पाणी घालणं बंद.

टेबलफॅन लहानावर, भिंतीकडे तोंड करून, दिवे चालू असेपर्यंत. वारा थेट पानांवर नको, हवा हलती राहिली की बास. पट्ट्यांची ऊब हाताला लागते पण पानं गार आहेत. पान तापलेलं लागलं तर उजेड कमी करण्याआधी पट्टी इंचभर वर घ्यायची.

18 ऑगस्ट

बारा तासांवर पोचलो. सकाळी सात ते संध्याकाळी सात.

फॅलची नवी पानं निघताहेत. जुन्या पानापेक्षा आखूड, रुंद, आणि आडवी ताठ. जुनी लोळलेली पानं सुधारणार नाहीत, ती तशीच राहतील. मुळांची टोकं ओलसर हिरवी, वाढीला लागलेली. मध्याजवळच्या एका फॅलच्या पानाची कड आणि खालची बाजू जांभळट झाली आहे. उजेड जरा वरच्या टोकाला पोचला की काही जाती असा रंग धरतात. करपणं नव्हे, पण याच्यापुढे जायचं नाही एवढी खूण. ती कुंडी दोन वीत बाजूला सरकवली.

डेंड्रोबियमला बुडाशी नवा कोंब. कॅटलिया आहे तशी आहे.

8 सप्टेंबर

काल गणपती बसले. आरतीनंतर रात्री दहाला बघते तर मांडणीवरचे दिवे चालू. टायमरच्या चकतीवर वाजले होते सव्वासहा.

कारण साधं आहे. दातेरी चकती विजेवर फिरते, वीज गेली की ती थांबते आणि आली की तिथूनच पुढे. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, पावसाळ्यात अधूनमधून एरवीही. असे अर्धा-अर्धा, दोन-दोन तास साठत गेले. डिजिटल टायमर मागवला, आत बारीक बॅटरी असते, वीज नसली तरी घड्याळ चालतं. वायफायचा प्लगही चालेल, तो वीज आल्यावर स्वतः वेळ जुळवतो. चकतीचा टायमर बाथरूमच्या गीझरलासुद्धा नको, एवढा अँपिअर त्याला झेपत नाही. तो सरळ माळ्यावर.

20 ऑक्टोबर

आता खिडकीचा रंग बदलला. दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण 61 अंशांवर असतो. छज्जा दोन फूट बाहेर, म्हणजे त्याची सावली खिडकीवर साडेतीन फूट खाली येते. मधली फळी त्याच्या जरा खाली आहे, तिच्यावर ऊन उतरलंय. डिसेंबरात सूर्य 48 अंशांवर येईल तेव्हा सावली जेमतेम सव्वादोन फूट. गॅलरीवाल्या घरांत कुठली फळी कुठल्या महिन्यात उन्हात येईल हे असं कागदावर काढता येतं, मांडणी हलवण्याआधी.

ऑक्टोबर हीटचं ऊन फॅलला सोसणार नाही. पातळ पांढरा पडदा लावला. पडद्यामागे 12 हजार लक्स, पडद्याशिवाय 30 हजारांच्या वर. हाताची सावली बघायची जुनी पद्धत इथे झकास चालते. पानावर एक फुटावरून हात धरला की कडा पुसट पण बोटं ओळखू येतील अशी सावली पडली तर फॅलसाठी ठीक. कडा सुरीसारख्या धारदार दिसल्या तर पडदा हवा.

नवी बेरीज: पडद्यातून ऊन अडीच तास 12 हजार, म्हणजे 30,000. उरलेले साडेसात तास 2,000 च्या आसपास, म्हणजे 15,000. एकूण 45,000, भागिले 15,000, म्हणजे 3 मोल. दिव्यांनी दोनच द्यायचे. साडेपाच तास. टायमर सकाळी साडेसहा ते बारा. डेंड्रोबियमच्या दोन्ही कुंड्या पडद्याच्या बाहेर, ग्रिलजवळ.

10 नोव्हेंबर

दिव्याने फॅलला फूल येतं असं लोक समजतात. उजेडाने झाडाच्या अंगी ताकद येते. फुलाचा दांडा टाकायचा इशारा मात्र गारव्याचा. तापमान 28 अंशांच्या वर राहिलं तर फॅल पानंच काढत राहतं. दिवसा पंचवीसच्या आसपास आणि रात्री त्याहून चार-पाच अंश कमी, असे काही आठवडे मिळायला हवेत. मुंबईकरांची फॅल दुसऱ्यांदा फुलत नाहीत त्यामागे बहुतेक हेच असतं, आणि ते बिचारे दिव्यांवर पैसे घालत राहतात. पुण्यात नोव्हेंबरची रात्र हे काम फुकट करते, खिडकी उघडी ठेवायची एवढंच. रात्री मांडणीवर 19, दुपारी 26.

म्हणूनच दिवे सकाळी. संध्याकाळी लावले तर खोली उशिरापर्यंत ऊबदार राहते, सकाळी गार हवेत त्यांची ऊब खपून जाते.

8 डिसेंबर

तीन फॅलना फुलदांडे. सुरुवातीला मूळ की दांडा असा घोळ होतो. मूळ गोल, गुळगुळीत टोकाचं आणि कुठूनही निघतं. दांडा पानाच्या बगलेतून, चपट्या टोकाचा, मिटलेल्या मुठीसारखा. आता कुंड्या फिरवायच्या नाहीत. दांडा उजेडाच्या दिशेने वळतो, कुंडी फिरवली की तो पीळ खात वाढतो आणि फुलं चारी दिशांना तोंडं करतात.

तीनही दांडे मध्याजवळच्या कुंड्यांना आहेत. टोकाच्या तिघांना अजून काही नाही. सनबोर्ड असूनही तिथे मध्याच्या निम्म्याच्या थोडंच वर मिळतं, पावसाळ्यातला दिव्यांचा हिशेब त्यांच्या बाबतीत तीन मोलवर थांबला होता. पुढच्या पावसाळ्यात टोकांच्या कुंड्या पंधरा दिवसांनी मध्यावर आणायच्या.

खिडकीची बेरीज आता 3.8 वर. दिवे साडेतीन तास.

12 जानेवारी 2025

विजेचा हिशेब. पावसाळ्यात 60 वॅट बारा तास म्हणजे रोज 0.72 युनिट, महिन्याला साडेएकवीस. युनिटला दहा रुपये धरले तर दोनशे-सव्वादोनशे. आत्ता साडेतीन तासांत महिन्याला सहा-सव्वासहा युनिट, पासष्ट रुपयांच्या आत.

पट्ट्यांऐवजी झाडांसाठीचं एलईडी पॅनेल घ्यावं का, हा प्रश्न पुन्हा डोक्यात आला. चांगल्या चिपचं पॅनेल एका ज्यूल विजेत अडीच मायक्रोमोलच्या वर देतं. माझ्या पट्ट्यांचा हिशेब शंभर भागिले सत्तर, म्हणजे जेमतेम 1.4. पॅनेल वीज जवळजवळ निम्मी करेल. पण निम्मी म्हणजे पावसाळ्यात महिन्याला शंभर रुपये, हिवाळ्यात तीस. पॅनेलची किंमत पट्ट्यांच्या कितीतरी पट, ते फुटावर ठेवलं तर मधोमध भाजतं म्हणून दीड-दोन फूट वर टांगावं लागतं, आणि तेवढी उंची मांडणीच्या दोन फळ्यांमध्ये नाही. कोणाकडे अख्खी खोली झाडांची असेल, फळ्यांवर फळ्या असतील, त्याने पॅनेलच घ्यावं. एका फळीला पट्ट्याच बऱ्या.

2 फेब्रुवारी, रविवार

पहिल्या फॅलची खालची कळी उमलली, पांढरी, गळ्याशी पिवळी झाक. बाकी दांडे मार्गावर.

डोंबिवलीहून ताईचा फोन. तिच्याकडे उत्तरेची खिडकी, दोन फॅल, फूल नाही. तिला पाठवलेला मजकूर इथेही ठेवते, पुन्हा कोणी विचारलं तर लागेल:

“ताई, दोन कुंड्यांना दोन फुटी, 10 वॅटच्या दोन पट्ट्या पुरतील, खोक्यावर हजार-हजार ल्युमेन बघून घे. नॅचरल व्हाइट. पानापासून आठ-नऊ इंच वर, दोन्ही बाजूंना पांढरा पुठ्ठा. आधी सहा तास, मग महिन्याभरात बारापर्यंत ने. टायमर डिजिटलच घे. कुंड्या खिडकीतून काढू नकोस, आकाशाचा उजेड मिळतो तेवढा मिळू दे. पावसाळाभर आणि पुढेही बाराच तास ठेव, तुझ्या खिडकीत हिवाळ्यात ऊन येणार नाही, माझ्यासारखे तास कमी करता यायचे नाहीत. डिसेंबर-जानेवारीत रात्री खिडकी उघडी ठेव. तुमच्याकडे गारवा कमी, तेव्हा त्या दोन महिन्यांत दिवे पहाटे पाचला लावून संध्याकाळी पाचला बंद कर, म्हणजे संध्याकाळपासून खोली निवत जाईल. आणि ते जांभळं घेऊ नकोस, भाऊजींनी कितीही सांगितलं तरी.”

मार्चपासून माझी खिडकी पुन्हा उतरणीला लागेल, ऊन छज्ज्याच्या वर सरकेल. 9 मार्चला नवं मोजमाप, त्यावरून टायमर.